शेवटच्या ओळीतलं नाव

कांद्याचं रोप घ्यायला जऊळक्याहून आलेला माणूस विहिरीजवळ, मोटेच्या बैलांच्या धावेच्या तोंडाशीच थबकला. शिरपूरच्या रंगराव माळ्याच्या मळ्यात मोट चालू होती... आणि मोट हाकत होती एक मुलगी. बैल उतारावर निघाले की तिची ओळ सुरू व्हायची. मोट वर येऊन थारोळ्याच्या कुंडीत रिकामी झाली की ओळ संपलेली असायची.

*पाणी धावलं पाटानं, नाही घर इचारलं,*
*मिरचीच्याई मुळाशी गोड व्हऊन उतरलं...*

"कोनाचं पद आहे हे?" त्यानं विचारलं.

"कोनाचं म्हंजे? माहं."

तो हसला. "कवी कुठं मोट हाकतेत?"

"नाही हाकत? मंग पानी कुठून पेतेत ते?"

ती पंचफुला, माझी आई. तो शालिग्राम, माझे वडील. साल एकोणीसशे अडतीस. तो चार बुकं शिकलेला, भजनी मंडळात गाणारा. तिला अक्षरओळख नव्हती.

रोप त्यानं त्या दिवशी नेलं. आठ दिवसांनी पुन्हा आला.

"पहिलं रोप जगलं नाही का?" तिनं विचारलं.

"जगलं ना... पन वाफा मोठा निंघाला."

पुढच्या आठवड्यात तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा ती बैलांकडेच पाहत म्हणाली, "तुमचा वाफा वाढूनच राह्यला काय?" तो कानापर्यंत लाल झाला. ती ओळ म्हणत राहिली. तो चिंचेखाली बसून पाठ करत राहिला. महिन्याभरात दोन्ही घरांत सोयरिकीची बोलणी निघाली. आईची ना नव्हती.

मग शिरपुरात सप्ताह झाला. काल्याच्या सकाळी मारुतीच्या पारावर जऊळक्याचं मंडळ बसलं. शालिग्राम उभा राहिला आणि त्यानं तिचंच पद धरलं. टाळ घुमले. बायकांच्या रांगेत आई ताठ बसली. आणि शेवटची ओळ आली—

*शालिग्राम म्हणे, असं पाणी देवानं घडवलं.*

"वा! काय पद केलं पोरानं!" मंडळाचे प्रमुख चंपतबुवा म्हणाले.

त्यानं हसून तिच्याकडे पाहिलं. ती पदर सावरून उठली आणि निघून गेली.

दुपारी तो मळ्यात आला. ती मोट हाकत होती. आज गात नव्हती.

"रागावली काय?"

"माह्या पदात तुमचं नाव काहून?"

"अवं, नावावाचून पद म्हणतच नाहीत मंडळात. शेवटी कोनाचं तरी नाव लागतेच. अन् लगन झाल्यावर तुहं-माहं येगळं राहीन काय?"

"येगळं नसन राहत, तं माहंच टाकाचं होतं."

हे त्याच्या मनातच आलं नव्हतं...

"बाईचं नाव आलं तं बुवा टाळ खाली ठेवतीन," तो हळूच म्हणाला.

"ठेवू द्या." तिनं बैल थांबवले. "अन् तुमची ओळ खोटी आहे. पानी देवानं घडवलं असन. वाफ्यात कोनं वळवलं? म्या. हे आयका—

*पंचफुला म्हणे, त्याले वाफ्यात म्या वळवलं.*

ज्या दिवशी त्याच पारावर हे म्हणसान, त्या दिवशी सोयरीक. नाही तं रोप दुसरीकडून नेजा."

पुढच्या एकादशीला मंडळ पुन्हा त्याच पारावर बसलं. शालिग्राम उभा राहून म्हणाला, "मांगच्या खेपेस म्या चूक केली. हे पद माहं नाही. रंगराव माळ्याच्या पंचफुलाचं आहे. आज तिच्या नावानं म्हणतो."

"डोकं फिरलं काय तुहं?" चंपतबुवा भडकले. "तिले लिवता येत नाही, वाचता येत नाही... अन् कवी?"

"बुवा, लिवता मले येते. पद तिले आलं."

बुवांनी टाळ खाली ठेवले. मग एकेकानं ठेवले. मृदंगही थांबला.

तो एकटाच म्हणू लागला. ताल नव्हता, म्हणून त्यानं पाय हलवला, बैल उतारावर चालतात तसा सावकाश. टाळांच्या घाईत हरवलेली तिची चाल आपोआप परत आली. पण शेवटच्या ओळीशी त्याचा आवाज कापला. *पंचफुला म्हणे...* आणि पुढचं गळ्यातच राहिलं.

बायकांच्या रांगेतून आई उभी राहिली.

*...त्याले वाफ्यात म्या वळवलं!*

शेजारच्या म्हाताऱ्या आवडाबाईनं टाळी धरली. पाठोपाठ सगळ्या रांगेनं. टाळ खालीच होते, पद मात्र पुरं झालं.

पाराखाली दोघं समोरासमोर आली.

"आता तरी रोप देशीन?" त्यानं विचारलं.

"कांदे लावाचा हंगाम सरला," ती म्हणाली. मग नजर न वळवता, "...आता मलेच न्या."

आईला जाऊन आज सोळा दिवस झाले. पुढे मी पुष्कळ कवी वाचले. पुष्कळांनी मला उपाशी ठेवलं, आईच्या ओळींनी कधी नाही. आईनं मरेपर्यंत एक अक्षर लिहिलं नाही.

तेराव्याला भजनाची मंडळी आली. कुठलं पद म्हणायचं, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबांचा आवाज आता चढत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू म्हण," ते म्हणाले. "घाई करू नको. अन् शेवटी नाव नीट घेजो."

टाळ वाजू लागले. मी पाय हलवला, सावकाश, आणि सुरू केलं. शेवटच्या ओळीशी माझाही आवाज कापला.

पण नाव मी पूर्ण घेतलं.