उतारावरचे रिकामे ठिपके

उकरलेली खडी तिच्या बोटांखाली भसकन खचली. आत कंद नव्हता. दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागी तेच. कुणीतरी अख्खा उतार साफ केला होता.

तिला सगळे नकाशेबाई म्हणत. चांदकंद ही दुर्मीळ वनस्पती कुठे सापडते, तिथला पाऊस, ऊन, चढ, खडक कसा आहे हे संगणकात घालायचं आणि ती आणखी कुठे तग धरेल याचा नकाशा काढायचा, हे तिचं काम. त्या नकाशात हा पठाराखालचा खडीचा उतार लालभडक होता, म्हणजे जपायची पहिली जागा. खाणवाल्यांचाही नेमका त्यावरच डोळा. आठवड्याभरात पानं फुटणार होती आणि तपासणी समिती यायची होती. झाडं दिसली तर उतार राखीव, नाहीतर खाण.

तिनं बोलावल्यावर वनाधिकारी आले. बोलायला मऊ, पण आडपडदा न ठेवणारा माणूस.

“वर पान नसताना खाली कंद आहे हे कळतं कुणाला?”

“मला आणि चष्मिसला.” चष्मिस म्हणजे तिची सहकारी, संगणक सांभाळणारी.

“नकाशा तर कुणालाही बघता येतो.”

“त्यातले ठिपके आम्ही मुद्दाम सरकवतो. चोरानं भलतीकडेच खणत बसावं म्हणून.”

“आणि खड्डे बुजवून वर पालापाचोळा पसरायची ही पद्धत कुणाची?”

तिनं बुजवलेल्या खड्ड्याकडे पाहिलं. चोर कशाला खड्डे बुजवत बसेल?

“आमचीच. आमच्या जुन्या सरांनी शिकवलेली.”

अधिकाऱ्यांनी तिला पलीकडे नेलं. गेल्या पावसाळ्यात तिथे दरड कोसळून कंद वाहून गेले होते, आणि तिनं व चष्मिसनं नव्या नकाशातून ती जागाच काढून टाकली होती. तिथेही खणलेलं होतं. रिकाम्या जागी खणणारा वेडाच म्हणायचा, असं अधिकारी म्हणाले आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. कंद मुळात नव्हतेच, नकाशा चुकला म्हणून बाईनं चोरीचा बनाव केला, असं त्यांच्या मनात घोळतंय हे तिला कळत होतं.

ती तडक सरांकडे गेली. दुसरं कुणाकडे जाणार? सर तिला वडिलांच्या जागी. नोकरीतून निवृत्त झाले तरी अडलं नडलं की तिचे पाय तिकडेच वळायचे. ती ढसाढसा रडली. सरांनी पाणी दिलं, डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “नकाशा चुकला असेल, बाळ. चांदकंद उंचावरचा. मी आयुष्यभर तेच सांगत आलोय.”

त्यांच्या टेबलामागे भिंतीला तिचाच एक नकाशा चौकटीत टांगलेला होता. निरोप समारंभाला तिनं दिलेली भेट. तोंड धुवायला ती गॅलरीत गेली. धुतलेले बूट तिथे उलटे वाळत होते. तळव्यांच्या खाचांत अजून काळा चिखल होता.

जिना उतरता उतरता ती मधेच खाली बसली. मग तिनं अधिकाऱ्यांना फोन केला आणि वरचं पठार बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आणि अधिकारी सरांसमोर उभे राहिले. अधिकाऱ्यांनी टेबलावर कापडी पिशवी रिकामी केली. पठारावर सापडलेले चांदकंद. निम्मे ओलीनं सडलेले.

“दरडीच्या जागी मी खणणार नाही, चष्मिसही नाही,” ती म्हणाली. “तिथे खणेल तो खऱ्या ठिपक्यांच्या जुन्या नकाशावरून. तसा एकच नकाशा बाहेर गेलाय. सरांना कुठे खोटे ठिपके द्यायचे, म्हणून मीच खरे दिले.” तिनं भिंतीकडे बोट केलं. “उतारावर सगळी खडी आहे. सरांच्या बुटांना लागलेला काळा चिखल पठारावरचा. कंद विकायचे नव्हतेच. समितीला खाली काही दिसू नये आणि वर मात्र दिसावं, म्हणून ते वर नेऊन लावले. खड्डे बुजवायची सवय तेवढी सुटली नाही.”

सर खिडकीबाहेर बघत होते.

“तू भेट दिलीस,” ते म्हणाले. “मी रोज सकाळी चहा घेता घेता त्या लाल उतारात माझी चूक बघत बसायचो.”

“एका शब्दानं बोलला असतात तर काढून नेला असता मी. तुम्ही चुकलात असं मी कुठे अवाक्षर तरी काढलं होतं? मला लबाड ठरवलंत. मी रडत आले तर डोक्यावर हात ठेवलात. तो हात कसा ठेववला तुम्हाला?”



अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. उरलेले कंद उतारावर परत लावले तरी पुन्हा लावलेली झाडं समिती धरणार नाही, ती मूळची तिथलीच हे कुणीतरी सांगावं लागेल, असं ते म्हणाले.

“एकच माणूस सांगू शकतो,” ती म्हणाली. “ज्यानं ती काढली तो.”

सरांचा चेहरा पडला. “म्हणजे सगळ्यांसमोर सांगू, की मी आयुष्यभर चुकीचं शिकवलं?”

“हो. कुठला कंद कुठून उपटला, तेही.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर खाण होईल. आणि तुम्ही बरोबर ठराल.”

शेवटी सरांनी कागद पुढे ओढला. “काय लिहायचं ते सांग,” ते म्हणाले.

ती सांगत गेली. बोलता बोलता ‘सर’ हा शब्द तिच्या ओठांवर आला. तिनं तो गिळला आणि पुढचं वाक्य सांगितलं.