टोला आल्याशिवाय

जहाजाचं खरं नाव पितळी अक्षरांत कोरलेलं होतं, पण ते कुणाच्याच तोंडी नव्हतं. खलाशी त्याला सुसर म्हणायचे, आणि उगीच नाही म्हणायचे. इतर जहाजं सभ्यपणे धक्क्याला अंग लावून उभी राहतात. ही बया थेट किनाऱ्याच्या वाळूवर चढायची, नाकाचे दोन दरवाजे फाकवायची, मधून लोखंडी रॅम्प जिभेसारखा बाहेर टाकायची आणि पोटातले सैनिक, ट्रक, रणगाडे ओकून मोकळी व्हायची. मग मागे समुद्रात टाकून ठेवलेल्या नांगराचा दोर ओढत ओढत स्वतःला परत पाण्यात घ्यायची. उभी हयात तिनं हेच केलं. लढाईत फौज उतरवली, पुरात धान्य उतरवलं, एकदा वादळानंतर एका बेटावरची सगळी वस्ती उचलून आणली. मग गंजली, आणि हिचं आता करायचं काय हे कुणालाच सुचेना, म्हणून तिचं संग्रहालय करायचं ठरलं.

त्यासाठी तिला कोरड्या गोदीत आणून उभं केलं. खालचं पाणी उपसून टाकलं, नाकासमोर पाहुण्यांसाठी काँक्रीटची वाट केली. रॅम्प दोरानं उचलणारं विंच दुरुस्त करायचं काम मिळालं फिटरला, आणि तेही व्यवस्थापक त्याचा मेहुणा होता म्हणून. मेहुण्यानं ते उपकार केल्यासारखं दिलं आणि मजुरी मात्र 'घरचंच माणूस' म्हणून कापली. फिटर काही बोलला नाही. न बोलण्याची त्याला घरीच भरपूर सवय होती.

घरी सासरे होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा याच सुसरीवर रॅम्प उचलायला होते, लिव्हर त्यांच्याच हातात असायचा. निवृत्त झाल्यावर खरं तर मुलाकडे, म्हणजे त्याच मेहुण्याकडे, राहायचं, पण मुलाच्या घरात खोल्या होत्या, जागा नव्हती. म्हणून मुलीकडे आले, आणि मुलीकडे राहावं लागतं याचा राग जावयावर काढत बसले. त्याला अगदी पाण्यात पाहायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण जावयाला एकदा धड हाक मारली नाही. हातात कायम पाना असतो म्हणून 'ए पान्या'. बस. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसायचे आणि चहा हवा असला की काठी फरशीवर आपटायचे, दोनदा घाईनं आणि मग थांबून एकदा सावकाश. आतून फिटरची बायको म्हणायची, "आणते हो, आप्पा." तिचं ते इतकं अंगवळणी पडलं होतं की आप्पा दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्यांनी खिळा ठोकला तरी ती ओ द्यायची.

काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात सुसरीनं फिटरचं नख घेतलं. ब्रेक नीट बांधलेला असताना साखळी आपोआप सरकली. रंगारी तर रॅम्पच्या बाजूला फिरकायलाच तयार नव्हते. तिथं अंगावर कुणीतरी खेकसल्यासारखं वाटतं, म्हणायचे. फिटर हसला. लोखंडाला राग नसतो, नीट तेलपाणी नसलं की ते असं वागतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं पोलादी दोर बदलला, ब्रेकचे गट्टे बदलले, दातेरी चाकांतला जुना वंगणाचा चिकटा खरवडून काढला.

वाळूचं मात्र त्याला कळेना. रॅम्प आणि जहाजाचा तळ जिथं जुळतो, त्या खाचेत रोज सकाळी ओली वाळू असायची. तो झाडून काढायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. गोदी कोरडी ठणठणीत, समुद्र भिंतीपलीकडे. त्यानं चिमूटभर जिभेला लावून पाहिली. खारट होती.

मग एके दुपारी, मिटलेल्या रॅम्पवर बाहेरून टोले पडले. तीन, अगदी सारख्या अंतरानं. त्याला वाटलं मेहुणा असेल, तपासायला आलेला. शिडी उतरून, वळसा घालून तो नाकासमोर गेला. रखरखीत काँक्रीट, आणि त्यावर त्याचीच सावली. परत आत आला तर पुन्हा तीन टोले.

संध्याकाळी जेवताना त्यानं हे सहज सांगितलं. आप्पांचा घास हातातच राहिला.

"सारख्या अंतरानं?" त्यांनी विचारलं.

फिटर हो म्हणाला. आप्पांनी ताट सरकवलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाशी सरळ दोन वाक्यांहून जास्त बोलले. बोलले म्हणजे, भांडल्यासारखे बोलले. सुसर वाळूवर चढली की सगळ्यात आधी एक माणूस रॅम्पवरून उतरायचा. त्याच्या हातात लांब बांबू. पाणी किती खोल आहे, वाळू ट्रकचं वजन पेलेल की नाही, हे तो बांबूनं टोचून पाहायचा. सगळ्यात आधी उतरणारा आणि सगळ्यात शेवटी चढणारा तोच. सगळे आत आले की तो रॅम्पच्या टोकावर चढून बांबूनं तीन टोले द्यायचा. टोला आल्याशिवाय रॅम्प उचलायचा नाही, हा सुसरीवरचा नेम. कप्तानाचा हुकूमसुद्धा त्याच्यानंतर.

"आणि एकदा नाही आला," आप्पा म्हणाले. "लाटा आडव्या येत होत्या. जहाज आडवं पडलं असतं तर सगळेच गेले असते. मी उचलला."

बायकोनं विचारलं, मग तो बांबूवाला?

"मग दिले त्यानं टोले. बाहेरून." आप्पांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "उशीर त्यानं केला. मी का म्हणून मनाला लावून घेऊ? वरच्या साहेबांना लिहून कळवलं, पळून गेला म्हणून. विषय संपला."

चेहऱ्यावर पश्चात्तापाचं नाव नव्हतं. राग होता, आणि रागाखाली कापरं होतं, ते फिटरला दिसलं. उठता उठता आप्पा म्हणाले, "रॅम्प उघडू नका. त्या गाढवाला सांग, तुझ्या मेहुण्याला. आणि उघडलाच, तर टोला आल्याशिवाय उचलू नकोस, पान्या. आपलं सगळं माणूस आत आलंय हे डोळ्यांनी बघ."

गाढवानं अर्थातच ऐकलं नाही. उद्घाटनाचा सगळा डौलच त्या रॅम्पवर होता. पाहुणे रॅम्पवरून आत येणार, मग तो उचलायचा, म्हणजे बंद पोटात उभं राहून सैनिकांना कसं वाटत असेल ते त्यांना कळेल. शिवाय जुना रॅम्पवाला म्हणून खुद्द व्यवस्थापकाचे वडील समोर खुर्चीवर. वर्तमानपत्रात फोटो यायला एवढं पुरे होतं. आप्पा यायला तयार नव्हते. मुलगा घरी येऊन चढ्या आवाजात बोलला, आयुष्यात कधी माझ्यासाठी काही केलंत का, वगैरे. शेवटी आप्पा आले ते जुनी टोपी घालून, काठी टेकत, कुणाकडेही न बघता.

सकाळची वेळ होती. रॅम्प खाली टाकलेला, पाहुणे आत दाटीनं उभे, बाजूला बँड. फिटर एका अंगाला उंच चौथऱ्यावर लिव्हरपाशी उभा होता. त्याच्या खालीच आप्पांची खुर्ची, रॅम्पकडे तोंड करून ठेवलेली. वरून त्याला फक्त टोपी, खांदे आणि गुडघ्यांवर आडवी धरलेली काठी दिसत होती. बायको पाहुण्यांत मागे कुठेतरी होती.

मेहुणा जहाजाची कारकीर्द सांगत होता. इतके किनारे, इतकी माणसं, इतकी पदकं. आणि मग भिंतीवर लाल अक्षरांत रंगवून घेतलेलं वाक्य त्यानं मोठ्यानं वाचलं: या जहाजानं आपला एकही माणूस कधी मागे सोडला नाही. टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांत फिटरला ब्रेकमधून जळका वास आला. तो वाकून गट्टे चाचपू लागला. वाकलेला असतानाच त्याला टोले ऐकू आले. तीन, सारख्या अंतरानं. आणि लगेच कुणीतरी काठी टेकत रॅम्पवरून उतरत गेल्याचा आवाज, चिडून काहीतरी पुटपुटल्याचा आवाज. कुणी म्हातारा पाहुणा कंटाळून निघाला असेल, असं त्याला वाटलं. ब्रेक थंड होता. तो उठून उभा राहिला.

मेहुणा हात वर करून खुणावत होता, उचल.

फिटरनं खाली पाहिलं. टोपी जागेवर होती. खांदे जागेवर होते. हात गुडघ्यांवर.

त्याला नेम आठवला. खाली वाकून त्यानं विचारलं, "आप्पा, उचलू ना? सगळे आत आहेत?"

खुर्चीतल्या माणसानं मान वळवली नाही.

"टोला आलाय," तो म्हणाला. "उचल."

फिटरनं लिव्हर ओढला. रॅम्प उठला. उजेडाची पट्टी बारीक होत गेली आणि मिटली. अंधारात कुणीतरी हौसेनं ओरडलं, बँड वाजू लागला, आणि त्या गलक्याखाली बाहेरून लोखंडावर काहीतरी आपटत राहिलं.

दिवे लागले तेव्हा आप्पा खुर्चीतून उठले होते आणि पाहुण्यांशी हात मिळवत होते. हसत होते. फोटोत तर असे आले की मेहुण्याचे डोळे पाणावले. बायकोनं विचारलं, काठी कुठाय? आप्पा म्हणाले, नको आता तिची गरज. त्यांचे बूट ओले होते. गोदी कोरडी होती.

त्या दिवसापासून घर बदललं. आप्पा गोड बोलू लागले. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, मुलाला जेवायला बोलावलं, शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या. चहा मागत नसत, मिळेल तेव्हा घेत. फिटरला त्यांनी पहिल्यांदा 'जावईबापू' म्हटलं तेव्हा बायको आत जाऊन रडली. एवढी वर्षं मी याचीच वाट बघत होते, म्हणाली. तिचा आनंद बघून फिटरनं तोंड मिटून घेतलं. रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीखालची वाळू तोच गुपचूप झाडून काढायचा.

आणि रोज दुपारी सुसरीच्या पोटात उभा राहून टोले ऐकायचा.

आता ते तीन सारख्या अंतरानं नव्हते. दोन घाईचे आणि मग थांबून एक सावकाश. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला पाना तिथंच टाकून तो उठला. त्यानं धावत जाऊन रॅम्प खाली टाकला. काँक्रीट, ऊन, एक कावळा. बऱ्याच वेळानं रॅम्प उचलला. उचलल्याबरोबर पुन्हा टोले, आता चिडलेले. असल्या चिडण्याचा त्याला वर्षानुवर्षांचा अनुभव होता. या माणसानं आपल्याला कधी काडीची किंमत दिली नाही हे त्याला आठवलं, आणि तरी टोले थांबेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

त्या संध्याकाळी आप्पांनीच विषय काढला. मेहुणाही जेवायला होता.

"तो रॅम्प कायमचा वेल्ड करून टाका," ते शांतपणे म्हणाले. "कुणाच्या अंगावर पडायचा उगीच. जावईबापू उद्याच करतील. काय?"

मेहुण्यानं लगेच मान डोलावली. बायकोही म्हणाली, आप्पा सांगतायत तर करून टाका ना, अहो. ती ताटं घेऊन आत गेली. मेहुणा हात धुवायला उठला.

फिटर आणि तो, दोघेच उरले.

फिटरनं चमचा उलटा धरला आणि त्याच्या डोळ्यांत बघत टेबलावर वाजवला. दोनदा घाईनं. थांबून, एकदा सावकाश.

"आणते हो, आप्पा," आतून बायकोचा आवाज आला.

खुर्चीतला माणूस दचकला. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग फिटरकडे पाहिलं. बराच वेळ, अजिबात राग न धरता. आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

मग त्यानं आपलं बोट टेबलावर टेकवलं आणि हलकेच वाजवलं. तीनदा, सारख्या अंतरानं. थांबला. मान किंचित हलवली, चुकल्यासारखी. पुन्हा वाजवलं. दोनदा घाईनं, आणि मग एकदा सावकाश.

"आणते म्हटलं ना, आप्पा," बायको आतून हसत म्हणाली.