एक तास पन्नास मिनिटं

त्या धावपट्टीला टॉवर असा नव्हताच. एक खोली, एक फोन, एक फळा. तरी तिथल्या माणसाला सगळे टॉवरकाका म्हणायचे! पलीकडची धावपट्टी चारशे दहा किलोमीटरवर, मध्ये नुसते डोंगर. छोट्या विमानाला एक तास पन्नास मिनिटं लागायची. विमान निघालं की तिकडचा माणूस फोनवर एवढंच म्हणायचा, "सोडलं, काका." मग काका फळ्यावर पोचायची वेळ लिहायचे. सतरा वर्षांत पाच मिनिटांचाही फरक पडला नव्हता.

त्या मंगळवारी काकांनी दोनदा दाढी केली. विमानानं लेक येणार होती. सहा वर्षांपूर्वी तिनं काकांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा "पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस" असं हेच गरजले होते. आणि तेव्हापासून तेच त्यांना आतून खात होतं.

अकराच्या सुमाराला धुक्यात घरघर झाली. फोन तर आलाच नव्हता.

"विसरला वाटतं लेकाचा," काका पुटपुटले आणि बाहेर धावले.

धुक्यातून लेक चालत आली, हातात लाल बॅग. तिच्यामागे घरघर वर चढली आणि विरून गेली.

"आलीस गं बाई!" काका पुढे झाले.

"आले, बाबा."

ती खिडकीशी खुर्चीत बसली. खोलीत ओल्या मातीचा वास पसरला. इतक्यात फोन वाजला.

"धुक्यानं फार खोळंबा केला, काका. आत्ता सोडलं, अकरा वीसला. तुमची लेक पुढेच बसलीय. मला हात करत होती."

काकांच्या बोटांतला खडू तसाच राहिला. खुर्चीतली पाठमोरी मान जराही हलली नाही.

"काका? वैमानिकाला काही सांगायचंय का? माझा रेडिओ अजून दहाच मिनिटं पोचेल."

परत फिरव म्हण... ओठांवर आलं होतं. पण मग ही? सहा वर्षांनी दारात आलेली ही निघून गेली तर?

"नाही... काही नाही," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

ते मागच्या खोलीत चहा करायला गेले. तिसऱ्या काडीला स्टोव्ह पेटला. त्याच्या भणभणाटात बाहेरचं काही ऐकू येईना.

एक वाजून दहा मिनिटं झाली. मग दोन वाजले. धुकं केव्हाच गेलं होतं आणि आभाळ लख्ख रिकामं होतं. तिच्यापुढचा चहा तसाच निवला होता.

"अजून कसं आलं नाही गं..." त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"एवढा वेळ लागत नाही हो, बाबा." ती खिडकीबाहेरच बघत होती. "मला तर काहीच लागला नाही."

काकांनी फोनवर झडप घातली.

"पोचलं नाही रे! तिकडे परत आलंय का?"



"परत कसं येईल, काका? पाचच मिनिटांत वैमानिक विचारत होता, डोंगरावर ढग आहेत, फिरू का मागे? म्हणून तर मी तुम्हाला लगेच पुन्हा फोन लावला."

"मला? मी नाही उचलला..."

"तुमच्याकडच्या कुणा बाईंनी उचलला ना. म्हणाल्या, येऊ द्या त्याला. मघाशी बाबांना विचारलंत, तेव्हा तेही काही बोलले नाहीत."

मागे बशीत कप टेकल्याचा आवाज झाला. काकांनी वळून पाहिलं नाही. कप रिकामा होता, ते त्यांना आवाजावरूनच कळलं.