बत्तीस अंश आणि थोडी ओल

त्या जानेवारीत कडावला अशी थंडी पडली, की म्हशी दुधाऐवजी कुल्फी द्यायच्या बेतात होत्या. खोटं वाटत असेल त्यानं हरेशला विचारावं. पोल्ट्रीच्या शेडमध्ये दोन हजार पिल्लांना बल्बखाली ऊब देत तो पहाटेपासून बसला होता. नऊच्या सुमाराला फाटकाशी एक स्कूटर थांबली.

हेल्मेट निघालं. थंडीनं लाल झालेलं नाक, कानाला मफलर आणि डोळे असे, की दोन हजार पिल्लं एकदम गप्प झाली. निदान हरेशला तरी त्यांचा आवाज ऐकू येईना.

"शंभरचा बल्ब मिळंल का? जुना, आत तार असलेला?"

"दुकानात बघा की."

"कर्जतची सगळी दुकानं पालथी घातली. एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाय मिळत. एक दुकानदार म्हणाला, ऊब पायजे तर कोंबडीवाल्याकडं जा."

"कोणाला शेकायचंय एवढं?"

"गुंडूला."

"भाऊ का तुमचा?"

"अजगर हाय."

हरेशनं हातातला चहा हळूच खाली ठेवला. "म्हंजे माझाच बल्ब नेऊन तुमी माझ्याच कोंबड्यांचा वैरी पोसणार."

"तो कळंबवरनं कडावला येणार नाय," ती म्हणाली. "त्याला पेटीतल्या पेटीत या टोकावरनं त्या टोकाला जायचा कंटाळा येतो."

तिचं नाव निशिगंधा. कळंबच्या एका बंगल्याची देखभाल ती करायची. बंगल्याच्या मॅडम परदेशी गेल्या आणि जाताना गुंडूला कागदपत्रांसकट तिच्या नावावर करून गेल्या. चार फुटांचा, आफ्रिकेकडचा, वनखात्यात रीतसर नोंद झालेला. मागच्या हिवाळ्यात त्याची कात अंगावरच अडकली होती आणि निशिगंधा पंधरा दिवस धड जेवली नव्हती. म्हणून यंदा तिच्या आईनं, सुंदराबाईनं अट घातली होती. या थंडीत त्यानं नीट कात टाकली तर तो घरात राहील, नाही तर पुण्याच्या सर्पोद्यानात जाईल.

"किती ऊब लागते त्याला?" हरेशनं विचारलं.

"बत्तीस अंश."

"माझ्या पिल्लांनाबी बत्तीसच."

"मग जमंल तुमचं," असं म्हणून ती हसली... आणि हरेशनं एकाऐवजी चार बल्ब कागदात गुंडाळले. वर म्हणाला, बल्ब बसवायलाही मीच येतो, वायरिंगचं काम नाजूक असतं. आता होल्डरमध्ये बल्ब फिरवायला वायरमन लागतो, हे कडावात त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

दुसऱ्या दिवशी तो कळंबला तिच्या घरी गेला, तेव्हा निशिगंधा बंगल्यावर कामाला होती. सुंदराबाईनं त्याला पेटी दाखवली. चार फुटांची काच, वर जाळीचं झाकण, आत काट्याच्या दोन तबकड्या — एक ऊब मोजायची, एक ओल मोजायची. गुंडू लाकडाच्या ढोलीत मुटकुळं करून बसला होता. त्याच्या डोळ्यांवर निळसर साय आली होती. तळाला नारळाच्या काथ्याचं ओलं कोकोपीट, काचेवर पाण्याचे थेंब.

हरेशनं काचेवर बोट फिरवून बघितलं. पिल्लांच्या शेडमध्ये ओल म्हणजे रोगाला आवतण. ओल दिसली की बापाची शिवी ऐकायची, असंच तो लहानाचा मोठा झालेला. त्यानं मागचापुढचा विचार केला नाही. सगळं ओलं कोकोपीट काढलं, काच कोरडी पुसली, गाडीतलं भाताचं तूस आणून चार बोटं जाडीचं अंथरलं. पिल्लांना अंथरायचं तसंच. वर एक सोडून दोन बल्ब लावले.

"पोरगी खूश होईल बघा," तो सुंदराबाईला म्हणाला.

पोरगी तिसऱ्या दिवशी सकाळी पोल्ट्रीच्या फाटकात उभी होती. हातात तुसाची गोण. ती तिनं त्याच्या पायाशी ठेवली. आदळली असती तरी बरं वाटलं असतं.

"काल घरी आले तर ओलीचा काटा अठ्ठावीसवर. सत्तर पायजे. डोळ्यावर साय आली म्हंजे कात टाकायच्या बेतात असतो तो... माहीत नव्हतं तर विचारायचं होतं."

"मला वाटलं, ओलीनं आजारी पडंल."

"कोंबडी नाय तो. पहाटे कात निघाली, तुकड्यातुकड्यांत. डोळ्यांवरची तशीच चिकटलीय. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस ऊब न् ओल सलग मिळाली तर सुटंल. आई उद्या सांजेपर्यंत थांबणार हाय. मग पुण्याला फोन लावणार." ती वळली. जाताना एवढंच म्हणाली, "आता मदत करू नका. तेवढी मदत करा."

त्यावर शहाणा माणूस घरी बसला असता. हरेश शहाणा नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते.

पिल्लांजवळ शेगड्या पेटवून, गड्याला राखणीला बसवून सकाळी आठला तो कळंबला तिच्या ओट्यावर हजर. सोबत गोणपाटं, गरम पाण्याची दोन पिंपं आणि रबरी पिशव्या — गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या कमरेखालून उचलून आणलेल्या. त्या शुक्रवारी कडावात एवढं कण्हणं-कुंथणं उठलं, की शेजारच्या गावाला वाटलं भजन चाललंय.

"सांगितलं होतं ना तुमाला," निशिगंधा दारातच म्हणाली.

"विचारायला आलोय. विचारू का?"

ती दारातून जरा बाजूला सरकली.

"ऊब द्यायला लागलो की ओल कुठनं पळते?"

"वरच्या जाळीतनं."

"मे महिन्यात आमी शेडला ओल्या गोणपाटाचे पडदे बांधतो, कोंबड्या उन्हानं मरू नयेत म्हणून. तेच गोणपाट कोमट पाण्यात भिजवून जाळीवर टाकलं तर? हवेला एक कोपरा उघडा ठेवून. न् काचेला बाहेरनं गरम पिशव्या."

निशिगंधानं पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पिशवी गार झाली की लगेच बदलायला लागंल."

"दोन हजार पोरांचा बाप हाय मी. मला झोप नाय, सवय हाय."

पेटीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. मधे काच, काचेवर वाफ, वाफेपलीकडे एकमेकांचे पुसट चेहरे. दर वीस मिनिटांनी पिशवी बदलायची, अर्ध्या तासानं गोणपाट पिळायचं. काटा चाळीसवर आला, मग पंचावन्नवर...

"माझ्याकडं काय बघताय? तबकडीकडं बघा."

"तबकडी तुमच्याच बाजूच्या काचेवर हाय."

तिनं ओढणीनं काच पुसली. त्याला नीट दिसावं म्हणून की तिला, ते तिचं तिला ठाऊक. दुपारपर्यंत ते 'तुमी'वरून 'तू'वर आले, कधी ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. काटा सत्तरला टेकला आणि तिथंच राहिला.

चार वाजता सुंदराबाई मोबाईल घेऊन बाहेर आली. गुंडूच्या डोळ्यांवर अजून ती पापुद्र्याची चकती होतीच.

"आई, थोडी थांब गं." निशिगंधानं गुंडूला बाहेर काढलं. "हरेश, ओलं गोणपाट मुठीत धर. सैल. तो त्यातनं सरकंल न् कात मागं राहील."

"मी?"

"मला तोंडाशी डोळे बघायचेत. दोन हात कमी पडतात."

हरेशनं मूठ पुढं केली. पाय मात्र एक पाऊल मागं घेतला.

"भीती वाटते?"

"थंडी हाय."

गुंडूनं जीभ बाहेर काढली, मूठ चाचपली आणि आत शिरला. हरेशनं डोळे मिटले, पण मूठ सोडली नाही. कोमट, जड, हळू... सगळे चार फूट त्याच्या बोटांमधून गेले.

"सुटली," निशिगंधा कुजबुजली. "दोन्ही सुटल्या रं."

त्यानं डोळे उघडले. गोणपाटाला दोन इवल्याशा पारदर्शक चकत्या चिकटल्या होत्या, आणि गुंडू काळ्याभोर डोळ्यांनी त्याच्या मनगटाला दोन वेढे घालून बसला होता. सुंदराबाईनं मोबाईल कमरेला खोचला. "ऱ्हाऊ दे मग," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

"एवढी भीती वाटत होती, तर हात कशाला घातलास?"

"पलीकडं तू होतीस ना."

ती गुंडूला सोडवायला पुढं झाली, तर त्यानं आणखी आवळलं.

"माझ्या आईला आता सांगायला लागंल," हरेश म्हणाला. "कोंबडीवाल्याच्या घरात सून येतेय, न् येताना अजगर आणतेय."

"सुनेला विचारलंस?"

"विचारणार होतो. पण हा हात सोडत नाय."

"मग तसाच विचार," निशिगंधा म्हणाली. "माझं उत्तर हो हाय, पण विचार तू नीट."