तीन नंबरच्या टाकीतलं उरलेलं

सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत माझं काम वजाबाकीचं. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण नायट्रोजन किती ते मोजायचं. त्यातून अमोनिया वजा करायचा, मग नायट्रेट-नायट्राइट. मागे राहतो तो विरघळलेला सेंद्रिय नायट्रोजन. तो सरळ मोजता येत नाही; उरतो, म्हणून आहे. टाकीतले जंतू बाकी सगळ्याचा फडशा पाडतात आणि एवढंच सोडतात, पोरं जेवताना नको ते ताटाच्या कडेला सारतात तसं. आमच्या चारही टाक्यांत हे उरलेलं लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास असायचं. वर्षानुवर्षं.

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर आले तेव्हा मुलगी चार महिन्यांची होती आणि बाटली तोंडात घेत नव्हती.

"नाही घेतलं," सासूबाई अकराला फोनवर सांगायच्या. दोनला पुन्हा तेच. "चमच्यानं दिलं तर माझ्याच अंगावर उडवलं बघ. बापाच्या वळणावर गेलीय, नाही म्हणजे नाही."

थट्टा करायच्या, पण आवाज ओढलेला असायचा. संध्याकाळी मी जवळ घेतलं की ती चार घोट घ्यायची आणि रडून दमलेली असल्यानं तशीच झोपायची. तिसऱ्या आठवड्यात वजन पाच किलोच्या खाली आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरा दिवस बघू. काटा वर सरकला नाही तर तुम्ही घरी राहायचं." रजा शिल्लक नव्हती. घरात पगार माझा एकटीचाच. पण लेकीच्या मनगटाचं हाड दिसायला लागल्यावर असल्या हिशेबांत मन रमत नाही.

अकरा आणि दोनला मी रसायनांच्या खोलीला आतून कडी घालून दूध काढायचे. एक दिवस दुधाचा डबा घरी विसरला, म्हणून धुऊन ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीत काढलं. फोन वाजला. मी बाटली टेबलावर ठेवून बाहेर गेले. परत आले तर बाटली रिकामी.

टाक्या सांभाळणारे नाना दारात उभे होते. त्यांचा एक नेम होता: तपासून उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, ज्या टाकीचं त्या टाकीत परत द्यायचं. बाटलीवर जुना आकडा तसाच राहिला होता. तीन.

"ताई, पाणी आज भलतंच पांढरं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, फेस असेल."

काय होतं ते सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि बराच वेळ हातात फिरवत राहिले. मी मात्र रडले. थेंबाथेंबानं जमवलेलं असतं ते.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरचं उरलेलं शून्य आलं.

वजाबाकीत चूक कुठेही लपते, म्हणून नमुना पुन्हा तपासला. नवी रसायनं घेतली, नव्या बाटल्या घेतल्या. एक, दोन आणि चार नंबरच्या टाकीत दोन मिलिग्रॅम. तीनमध्ये काही नाही. जे कुणी खात नव्हतं ते कुणीतरी चाटूनपुसून खाल्लं होतं.

त्या संध्याकाळी सासूबाई दारातच म्हणाल्या, "आज दिवसभर थेंब घेतला नाही. पण रडलीही नाही गं. हसत होती." बाटली भरलेली होती, झाकण लागलेलं. मुलीच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब वाळला होता.

मी तो बोटानं टिपला. दुसऱ्या दिवशी थोडं दूध तीन नंबरच्या बाटलीत काढून टेबलावर ठेवलं. नानांनी ते नेलं. रिकामी बाटली धुऊन परत आणून ठेवली.

आठ दिवसांत वजन दोनशे ग्रॅमनं चढलं. "काय जादू केलीत?" डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं. मी म्हटलं, आता घेते.

टाकीत विरघळलेला ऑक्सिजन दाखवणारा एक काटा असतो. जंतू खायला लागले की तो खाली येतो. तीनचा काटा आता रोज अकराला आणि दोनला खाली यायचा. एकदा बरोबर अकराला मी टाकीच्या कठड्याशी उभी राहून घरी फोन लावला.

"झोपलीय," सासूबाई कुजबुजल्या. "पण तोंड चालू आहे बघ. ऐक." त्यांनी फोन तिच्याजवळ धरला.

चुटुक, चुटुक, चुटुक. मध्ये एक उसासा. पुन्हा चुटुक.

समोर काटा खाली उतरत होता. तपकिरी पाण्याला ओल्या मातीचा वास होता, चांगल्या टाकीला येतो तसा. मला भीती वाटायला हवी होती. पान्हा फुटला.

मग साहेबांची चिठ्ठी आली: तळातून हवा सोडणाऱ्या जाळ्या बदलायच्या आहेत, मंगळवारी तीन नंबरची टाकी रिकामी करणे.

"महिनाभर थांबता येईल का?" मी साहेबांना विचारलं.

"का?"

"आकडे फार चांगले येताहेत."

"आकड्यांची हौस मलाही आहे, मॅडम. जाळ्या फाटल्यात."

खरं कारण कोणत्या तोंडानं सांगणार?

मंगळवारी साडेसातलाच पोचले. हवा अजून चालू होती. नवी टाकी सुरू करताना जुनीतला गाळ विरजण म्हणून घालतात, तेवढं एकच मला सुचलं होतं. मी तीनमध्ये बादली सोडली.

"चारमध्ये ढीगभर जंतू आहेत की," नाना म्हणाले. "दह्याला विरजण लावणार तुम्ही?"

"असू दे, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसरी बादली स्वतः भरली आणि गाळ हिंदकळू न देता, दोन्ही हातांनी धरून, चार नंबरपर्यंत नेली.

आठला हवा बंद झाली, पंप सुरू झाला.

अकरा वाजता मी चारच्या काट्यासमोर होते. फोन कानाला.

"जागी आहे," सासूबाई म्हणाल्या. "इकडेतिकडे बघतेय. कुणाला शोधतेय कोण जाणे."

काटा हलला नाही.

अकरा वाजून दोन मिनिटं. तीन.

"रडणार बहुतेक," त्या म्हणाल्या.

चार.

काटा थरथरला आणि खाली यायला लागला.

"अगं," पलीकडून आवाज आला, "हसली. मिटले बघ डोळे."

चुटुक, चुटुक.

मी तिथेच कठड्याला टेकून खाली बसले.

चार वाजता नानांनी बोलावलं. तीन नंबर तळापर्यंत रिकामी झाली होती. कामगार अजून उतरले नव्हते, शिडी नुसती लावून ठेवलेली. तळाशी हातभर गाळ सपाट बसला होता. फक्त मधोमध एक खोलगट जागा होती, कुणी मांडी घालून बसून उठावं तशी.

नानांनी शिडी धरून ठेवली.

मी शिडीवरून उतरले, वाकून हात ठेवला. बाकीचा गाळ गार होता. तिथला कोमट होता. उजव्या मांडीची खूण नीट टेकलेली होती. डावीची उथळ, गुडघा जरा वर उचललेला, बाळाचं डोकं उंचावर राहावं म्हणून. मी पाजायला बसते तशी.