शेंदराचा एकच थर

"ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही," असं बजावूनच भटूआबा ती सुरू करतात. धुळ्याच्या टपरीवर त्या दिवशी आठ-दहा जण बसले होते. एक म्हातारा पाठमोरा, बशीतला चहा फुंकत होता. आबांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "मरण माझ्या कानाला घासून गेलंय, बरं का!"

झालं होतं असं. जळगावच्या दिपमालाताई जुन्या यंत्रांची कुळं शोधतात. कोणत्या देशात ओतलं, कोणता भाग त्याला चालेल, आणि यंत्रानं घात केला तर का केला. भटूआबा त्यांची गाडी चालवतात आणि सगळं जरा उशिरा समजून घेतात.

एका सकाळी सुलक्षणा धापा टाकत आली. पदरावर वाळलेलं रक्त.

"शिरपूरला आमची लाकडाची वखार आहे, ताई. काल रंधा मशीनमधून पातं सुटलं नि ह्यांचा खांदा फाडून गेलं. पुना मिस्त्रीनं बोल्ट ढिले ठेवले म्हणून लोक त्यालाच दोष देतायत. तो म्हणतो, आज चारला लाईट आली की मी स्वतः मशीनसमोर उभा राहतो. मेलो तर खोटा!"

मशीनपाशी चिटपाखरू नव्हतं. मशीन काळंकुट्ट, म्हशीएवढं, कपाळाला शेंदूर. समोरच्या सागवानी दारात ते पातं चार बोटं रुतलं होतं. बरोबर माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. भटूआबा ताईंच्या मागे सरकले.

"पातं काढायचं राहिलं वाटतं," ते पुटपुटले.

"कुणी हात लावायला तयार नाही," सुलक्षणा म्हणाली.

ताईंनी नखानं शेंदूर खरवडला. मशीनच्या अंगावर थरावर थर, जाड पापुद्रा. 'इंग्लंड' कोरलेल्या पितळी पाटीवर मात्र एकच पातळ थर.

"दर खंडेनवमीला पूजा करता?"

"आम्ही गेल्याच वर्षी आणलं. पण रावेरचे आधीचे मालक पन्नास वर्षं करत होते. पाटीसकट शेंदूर फासायचे म्हणे."

ताईंनी आबांना मशीनच्या पाटाखाली हात घालायला लावला.

"चामखिळी आहेत हो खाली!" आबा ओरडले.

ताईंनी तिथं कागद दाबून पेन्सिल घासली आणि घडी पर्समध्ये टाकली. तिथलाच एक गंजका जुना बोल्टही काढून घेतला.

जखमीचा भाऊ हितेंद्र दारातूनच बोलला. "रावेरला याच मशीनवर एकाचा हात गेला होता. ते भुकेलं आहे, ताई. मी दादाला सांगितलं होतं, आणू नको."

हे मशीन विकणारा जुन्या मशिनरीचा व्यापारी बन्सीलाल बाहेर घाम पुसत होता. "अस्सल इंग्लिश माल. पाटी बघा की! पात्याचे जुने बोल्ट झिजले, तेव्हा परवा नवेही मीच इंग्लिश मापाचे दिले. मिस्त्रीला कसता आले नाहीत, त्याला मी काय करू?"

पुना मिस्त्री नव्या पात्याला धार लावत होता.

"बठ्ठा बोल्ट मी सोता कसेल शेतस, ताई. पहिला तीन आटा सरळ गयात. मंग इतला घट्ट, की पान्यावर लोंबकळनू!"

"ते सगळे बोल्ट काढून माझ्या हातात द्या."

चारला पाच मिनिटं उरली होती. ताईंनी सगळ्यांना मशीनभोवती बोलावलं.

"भूतबीत काही नाही. पन्नास पूजांचा शेंदूर अंगावर आहे आणि पाटीवर एकाच पूजेचा. म्हणजे पाटी गेल्या वर्षी ठोकली. मशीनची खरी जात पोटाखाली ओतलेली आहे." त्यांनी कागद उलगडला. आबांच्या चामखिळींची अक्षरं झाली होती: 'ओहायो'. "हे अमेरिकन मशीन आहे. अर्ध्या इंची अमेरिकन बोल्टला इंचात तेरा आटे, इंग्लिशला बारा. हा गंजका मूळ बोल्ट, मोजा. तेरा. बन्सीलालने दिलेला, मोजा. बारा. दोन-तीन आटे जातो, मग अडतो. जोर लावला की आतले आटे कापतो. हाताला घट्ट लागतो, पण धरत काहीच नाही. बन्सीलालशेठ, इंग्लंडच्या नावावर गिऱ्हाईक लवकर मिळतं म्हणून पाटी बदललीत. मग योग्य बोल्ट दिले असते तर पाटीचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून माणूस मरणाच्या दारात ढकललात. पुनाभाऊंनी चोख काम केलं होतं."

पुना मिस्त्री मटकन खाली बसला आणि पहिल्यांदाच रडला.

"आणि तेवढ्यात चारचे ठोके!" टपरीवर भटूआबा उभेच राहिले. "लाईट आली. बन्सीलालने धावत जाऊन खटका दाबला. मशीन गरजलं, पातं सुटलं, थेट पुनाच्या गळ्याकडे! मी झेप घेतली, त्याला ढकललं, पातं माझ्या कानाला घासून..."

पाठमोऱ्या म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली आणि वळला. तो पुना मिस्त्री होता.

"भटूभाऊ, बठ्ठा बोल्ट ते ताईना हातमा व्हतात, नवं पातं मन्हा मांडीवर. मंग उडनं काय? आनि तू ते तवय बाहेर गाडीखाले दडेल व्हता!"