गुडघ्याखालची आग

"माझा नवरा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो," समोर बसताच ती म्हणाली. "सकाळी तिथं गॅसचा भडका उडाला. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजलेत. मुकादम सांगत सुटलाय, सिगारेट ओढत यानंच गाडीचा गॅस सिलिंडर बदलला. हे म्हणतात, मी कोपऱ्यात डबा खात होतो. ऐकतंय कोण! नोकरी तर गेलीच, वर व्यवस्थापक पोलिसांची धमकी देतोय."

"चेहरा? हात?" खासगी तपास करणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नशीब, ते धड आहेत."

बाईंचे भावोजी हौसेनं त्यांना मदत करत. ते हळहळले, "सिगारेट वाईटच हो!"

"भावोजी, तुम्ही गाडी काढा."

गोदामाचा व्यवस्थापक नाक वर करूनच भेटला. "या लोकांना अक्कल कुठली? हातमोजेसुद्धा घातले नव्हते. ते बघा, खुंटीवर. मी इथं ट्रकवाल्याच्या शिव्या खात होतो. माल चढेना, कारण फोर्कलिफ्टचा गॅस संपत आलेला, गाडी सारखी अडखळत होती."

फोर्कलिफ्ट गोदामाच्या आतच, बंद दाराशी उभी होती. लांबच्या कोपऱ्यात एक स्टूल, जमिनीवर कॉइलचा हीटर आणि उलटलेला डबा.

मुकादम आला. उजव्या हाताला फडकं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"वाफाळता चहा सांडला."

"बघू."

बोटं पांढरीफटक, मेणासारखी कडक. भावोजींनी तोंड फिरवलं.

"भडका उडाला तेव्हा कुठं होतात?"

"ऑफिसात. आवाज ऐकून धावलो. गाडीजवळ फिरकलोसुद्धा नाही."

बाई खुर्ची ओढून बसल्या.

"सिलिंडर सीटच्या मागे, छातीच्या उंचीवर. तिथं तोंडातल्या सिगारेटनं भडका उडाला असता, तर आधी मिशा गेल्या असत्या. ड्रायव्हरचे फक्त पाय भाजले. हा गॅस हवेपेक्षा जड. जमिनीवरून सरपटत तो हीटरपर्यंत गेला. तिथं तो स्टुलावर बसून जेवत होता."

"मग सिलिंडर कुणी काढला?" भावोजींनी विचारलं.

"ज्याची बोटं गारठून मेली, त्यानं. गरम चहानं कातडी लाल होते, भावोजी. सुटलेला गॅस बर्फापेक्षा थंड असतो. उघड्या हातानं सिलिंडर काढणाऱ्याची बोटं अशी होतात. ड्रायव्हरचे हात मात्र शाबूत!"

मुकादमानं फडकं पुन्हा बोटांवर ओढलं.

"व्हॉल्व्ह बंद करायचा, नळीतला गॅस संपून इंजिन आपोआप थांबू द्यायचं, हातमोजे घालायचे, मग नळी सोडायची. तेही बाहेर, मोकळ्या हवेत. तुम्ही यातलं एकही केलं नाहीत. केलंत ते एकच. त्याच्या नावानं बोंब मारलीत."

"ट्रक खोळंबला होता... साहेब ओरडत होते..."

"मला पहिल्यापासून याचा संशय होता," व्यवस्थापक घाईनं म्हणाला.

"संशय यायला डोकं लागतं," बाई उठल्या. "आता पोलिसांना तुम्हीच बोलवा. धमकी देताना नंबर पाठ होता ना?"

संध्याकाळी मुकादम दवाखान्यात पोचला. ड्रायव्हरची बायको दारातच उभी राहिली.

"वहिनी, चुकलं. त्याचे पाय धरतो."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"धरायला जागा कुठं ठेवलीय?" ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.